काढून बघितलं का?

"काढून बघितलं का?" असं ती विचारायची, आणि विचारताना उजव्या हाताची दोन बोटं चिमटीसारखी जुळवून हवेतली एखादी न दिसणारी वस्तू अलगद उचलायची आणि बाजूला ठेवायची.

हा प्रश्न ती कशाबद्दलही विचारी. आमच्या कॉलेजच्या वाचनालयात 'शांतता राखा' अशी एक मोठी पाटी होती. मी तिथला ग्रंथपाल. एकदा मी सहज म्हणालो की, या पाटीमुळे मुलं जरा तरी गप्प बसतात.

"काढून बघितलं का, चाचा?"

मी पाटी काढून कपाटामागे ठेवली. मुलं पूर्वी जेवढी बोलत होती तेवढीच बोलत राहिली. काही दिवसांनी ती आली, भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघून हसली. "म्हणजे पाटी काही करत नव्हती. नुसती तिथं होती."

कँटीनमध्येही तेच. मावशी चहात आलं ठेचून घालायच्या. हिनं विचारलं, "मावशी, आलं काढून बघितलं का कधी?"

"आधी तुलाच काढून बघते कँटीनमधनं," मावशी म्हणाल्या. सगळे हसले. तीही हसली. आलं तसंच राहिलं.

तिची दुसरी खूण म्हणजे तिचे हात. हातांवर नुकतीच मेंदी काढलेली असावी तसे दोन्ही हात छातीशी उचलून धरायची आणि दार कोपरानं ढकलायची. वाचनालयाच्या दारावर तिच्या कोपराच्या उंचीला रंग उडाला होता. ती ज्या वस्तूवर काम करायची ती बोटांच्या घामानंसुद्धा नासते, असं तिनं मला सांगितलं होतं. पुढे ती सवयच झाली. ग्लव्हज नसले, प्रयोगशाळा नसली, तरी हात वर. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांचं काम त्यांच्या अंगात उतरलेलं असतं.

ती सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वेकडची. घरची मेंढरं होती. आता थोडं डाळिंबही. पीएचडीसाठी आमच्या सांगलीच्या कॉलेजात आली. तिची प्रयोगशाळा वाचनालयाच्या मागेच, तळमजल्यावर. दुपारी ती माझ्याकडे वाचत बसायची, आणि मी विचारलं की सांगायची. मी आयुष्यभर पुस्तकांवर नंबर चिकटवले, विज्ञानाशी माझा तेवढाच संबंध. पण ती सांगायची ते मला कळायचं.

"डेंग्यूचा विषाणू म्हणजे काय, चाचा? एक दोरा. त्याला आरएनए म्हणायचं. त्या दोऱ्यावर मजकूर असतो, माझ्या नकला काढा म्हणून. पण नकला काढायला लागणारं बरंचसं सामान त्याच्याकडं नसतं. आपल्या पेशीकडं असतं. पेशीचे स्वतःचे दोरे असतात ना, त्यांना सांभाळायला प्रथिनं असतात. कोणी दोरा धरतं, कोणी नेऊन पोचवतं, कोणी जुना झाला की तोडतं. ही सगळी घरची माणसं. परका दोरा आत आला की त्याच्यावरही जाऊन बसतात."

"म्हणजे फितूर होतात?"

"तेच तर कळत नाही. बसतात एवढं दिसतं. बसून करतात काय, ते दिसत नाही."

एकदा ती मिरजेला आमच्या घरी आली. थोरला भाऊ तंबोरे करतो. पुढच्या खोलीत भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, मध्ये तो मांडी घालून बसलेला. तारेखाली घोडीवर, म्हणजे तार टेकते त्या पट्टीवर, सुताचा एक बारीकसा धागा असतो, त्याला आम्ही जवारीचा धागा म्हणतो. तिनं तो पाहिला आणि मला कळलंच की आता काय येणार.

"हा काढून बघितला का?"

भावाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, धागा ओढून काढला आणि तार छेडली. तार वाजली. पण नुसती वाजली. ती जी घुमत राहते, एका सुरातून दुसरे सूर सोडत जाते, ते बंद झालं. त्यानं धागा परत सरकवला, आणि खोली भरून गेली.

"असंच," ती म्हणाली. "मी पण एवढंच करते."

तिच्या पीएचडीच्या सरांनी आणि तिनं मिळून एक प्रथिन अभ्यासाला धरलं होतं. विषाणूचा दोरा पेशीतून ओढून काढला की त्यावर हे प्रथिन बसलेलं सापडायचंच. दरवेळी. म्हणून सरांनी त्याला विषाणूचा साहाय्यक ठरवलं होतं. लेख लिहून तयार होता, आणि पुढचा मोठा प्रस्तावही: त्या प्रथिनाला निकामी करणारं औषध शोधायचं. साहाय्यकच बांधून टाकला की विषाणू आपोआप अडेल. राहिली होती ती एकच गोष्ट, प्रथिन पेशीतून काढून बघणं. सरांच्या लेखी ती नुसती औपचारिकता होती.

जिवंत विषाणूचं काम आमच्याकडे होत नसे. त्यासाठी ती पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जायची, आणि तिथून नुसता आरएनए, विषाणू मारून झाल्यावरचा, बारीक नळ्यांत घालून मोजायला इथे आणायची. प्रथिन काढून बघितलं त्या खेपेला ती परत आली, मोजलं, आणि वाचनालयात येऊन माझ्यासमोर नुसतीच बसली.

प्रथिन काढल्यावर विषाणू कमी व्हायला हवा होता. तो वाढला होता.

सर तिला शोधत तिथेच आले. दोघं कोपऱ्यातल्या टेबलाशी बोलत होती, आणि पाटी काढलेली असल्यामुळे मलाही गप्प राहा म्हणणारं कुणी नव्हतं. तरी मी गप्प होतो.

"नळ्या बदलल्या असतील तुझ्या."

"नाही सर."

"मग पेशी आजारी असतील. अगं, इतक्या वेळा ते दोऱ्यावर सापडलंय. उगाच सापडतं का?"

"सर, आमच्याकडं लांडगा येतो तिथं कुत्रंपण सापडतं."

सर हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. पण प्रस्ताव पाठवायचा दिवस जवळ आला होता, आणि तिची फेलोशिपही त्या पावसाळ्यात संपत होती. "पुन्हा कर," ते म्हणाले. "एकदाच. तेच आलं तर बघू. नाही आलं तर पहिलं विसरायचं."

ती पुन्हा पुण्याला गेली. नळ्या घेऊन आली, उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. मोजायच्या यंत्रावर तिची पाळी लागायची होती. आणि कृष्णेला पाणी आलं.

सांगलीकरांना पुराचं सांगायला नको. आधी घाट, मग पेठा, मग रोज सकाळी आणखी एक गल्ली. कॉलेजच्या आवारात पाणी शिरलं तसा वीज मंडळानं पुरवठा बंद केला. जनरेटर पाण्यात. फ्रीजर बंद पडल्याची शिट्टी बॅटरीवर वाजत होती, आणि मी पुस्तकं वरच्या मजल्यावर हलवता हलवता ती ऐकत होतो.

ती पायरीवर उभी राहून फोन लावत होती. मिरजेतल्या हॉस्पिटलांत फ्रीजर आहेत, पण सगळे भरलेले. एकानं विचारलं, "पेशंटचं रक्त बाहेर काढून तुमच्या नळ्या ठेवू का?" त्यावर तिनं "नको, नको" म्हणून फोन ठेवला. सुका बर्फ पुण्याहून यायचा, हमरस्ता बंद. सर कोल्हापुरात अडकलेले. नळ्या वितळल्या की त्यातला मजकूर तुटायला लागणार, आणि मग त्यांना काहीही विचारलं तरी उत्तर येणार नाही. तिसऱ्यांदा करायला ना वेळ होता ना पेशी. राहिला असता तो साहाय्यक, आणि त्याला बांधायला निघालेला प्रस्ताव.

मग तिनं आणखी एक फोन लावला.

"दादा, तुझ्या जारमधे जागा हाय का?"

तिचा भाऊ गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतो. गावात त्याला डॉक्टरच म्हणतात. वळूच्या रेताच्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या जारमध्ये असतात, आणि तो जार मोटारसायकलला बांधून तो गोठ्या-गोठ्यांतून फिरतो. कुठल्याही फ्रीजरहून गार.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "कुठल्या वळूचं हाय तुझं?"

"दादा, मस्करी नको. लय घाई हाय."

"आलो."

तो पूर्वेकडून, कोरड्या रस्त्यानं, मिरजेला आमच्या घरी येणार असं ठरलं. सांगलीतून निघताना आवारात मांडीपर्यंत पाणी होतं. नळ्यांचा थर्माकोलचा डबा तिनं डोक्यावर घेतला. मी हात पुढे केला.

"हात लावू नका, चाचा."

पाण्याखाली पायऱ्या दिसत नव्हत्या. ती एकेक पाऊल चाचपत उतरत होती आणि मी मागून, पडली तर धरायला म्हणून. मला पोहता येत नाही, हे तिला माहीत नव्हतं. पुढे एक ट्रॅक्टर मिळाला.

आमच्या पुढच्या खोलीत भोपळ्यांच्या मध्ये तिच्या भावानं जारचं झाकण उघडलं. पांढरी वाफ जमिनीवरून पसरत तंबोऱ्यांच्या पायांशी गेली. "या अल्ला," थोरला भाऊ म्हणाला आणि पाय वर घेऊन बसला. नळ्या एकत्र ठेवायला काही हवं होतं. माझ्या भावानं तंबोऱ्याच्या गवसणीच्या मलमलीचा तुकडा फाडून दिला, आणि पिशवीचं तोंड बांधायला जवारीचा धागा. पिशवी कांड्यांच्या शेजारी खाली गेली. झाकण लागलं.

"चाचा, तुमची गल्लीपण राहत नाही उद्या," ती म्हणाली. "घरच्यांना पाहुण्यांकडं पाठवा आणि तुम्ही आमच्याकडं चला. कोरडं हाय."

कोरडं कसलं! सांगलीत माणसं होडीतून निघत होती आणि तिच्या गावी टँकरमागे घागरी लागल्या होत्या. तिच्या वडिलांनी, आबांनी, मला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाले, "जपून प्या, पाव्हणं. तुमच्याकडनं आल्यालं न्हाई ह्ये."

जार ओसरीवर ठेवला होता. रोज सकाळी भाऊ एक लाकडी पट्टी आत बुडवायचा, बाहेर काढून हवेत हलवायचा. जिथवर पट्टी पांढरी होईल तिथवर नायट्रोजन. नायट्रोजन आणणारी गाडी पुरापलीकडून यायची, तिचा पत्ता नव्हता. पट्टीवरचा पांढरा रंग रोज खाली सरकत होता. झाकण उघडलं की आणखी उडतो, म्हणून भावानं कामावर जाणं बंद केलं. पारावर चेष्टा सुरू झाली.

"डाक्टर, बहिणीचं काय ठेवलंय जारमधे?"

"पीएचडी."

"ती गार ठिवावी लागती व्हय?"

मी एकदा आबांसमोर तिला विचारलं, "ते सरांना म्हणालीस, लांडगा आणि कुत्रं, ते काय?"

"मी लहान होते. मेंढरांच्या जाळीतनं कोकरं जायला लागली. सकाळी बघावं तर जिथं जाळी फाटलेली तिथं आमचं कुत्रं बसलेलं. रोज तिथंच. आबांना वाटलं, हेच फाडतंय. घातलं बांधून."

"म्या न्हवं बांधलं," आबा म्हणाले. "तुझ्या आज्यानं बांधलं."

"दोरी कुणी दिली?"

आबा जरा वेळ तंबाखू मळत राहिले. "दोरी म्या दिली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. लांडग्याला आडवं जायाला कोण ऱ्हायलंच न्हाई. बांधल्यावर कळलं, ते तितं बसून काय करत हुतं. त्याला काय बोलता येतंय, पाव्हणं? माझ्याकडं नुसतं बघायचं." त्यांनी जारकडे मान वळवली. "ह्यात त्येच हाय म्हणती ही. राखण्या हाय का फितूर, ते."

"कळंल आबा," ती म्हणाली. "राहिलं तर."

त्याच दिवशी शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी आली. "आवं डाक्टर, गाय माजावर हाय, सकाळधरनं हंबरती. मागच्या बारीला पण हुकलं. आता चुकलं तर पुना कवा?"

भावानं बहिणीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात नकळत छातीशी वर गेले होते.

"उघड, दादा."

"उडंल की गं."

"उडू दे. गाय थांबत न्हाई."

आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं. झाकण निघाल्याचा आवाज झाला, चिमट्याचा झाला, परत झाकणाचा झाला. एवढासा वेळ. भाऊ कांडी घेऊन म्हातारीबरोबर गेला तरी ती भिंतीकडेच बघत होती. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा टोकाला जेमतेम बोटभर पांढरं होतं.

मी कॉलेजात पुन्हा पुन्हा फोन लावत होतो. अखेर शिपायानं उचलला. पाणी ओसरलं होतं, वरच्या मजल्यावर वीज आली होती, यंत्र वर होतं म्हणून वाचलं होतं. परतीच्या जीपमध्ये तिनं जार दोन पायांत धरला. तासगाव मागे पडलं, चिखल सुरू झाला, खड्ड्यात गाडी आदळली की ती डोळे मिटायची. पूर्ण वाटेत ती मला एकच वाक्य बोलली, "चाचा, तुमच्याकडं पुस्तकांना लावायची लेबलं आहेत ना?"

होती. नळ्यांवरची नावं झाकायची होती, म्हणजे मोजताना तिला स्वतःलाही कळू नये की कुठल्या नळीत प्रथिन होतं आणि कुठल्या नळीत नव्हतं. ग्लव्हज घालून, बर्फावर ठेवलेल्या नळ्यांना मी माझी लेबलं चिकटवली, ग्रंथालयाचे नंबर घालून. कुठला नंबर कशाचा, ते फक्त मला माहीत. मग ती आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. व्हरांड्यात ओली पुस्तकं वाळत घातली होती. मी त्यांची पानं सोडवत राहिलो, पण कुठल्या पुस्तकाची, ते मला सांगता येणार नाही.

दार कोपरानं उघडलं. हात वर. तिनं नंबर वाचून दाखवले: या नळ्यांत विषाणू जास्त, या नळ्यांत कमी. मी माझा कागद उघडला.

जास्त होता तो, जिथं प्रथिन काढलेलं होतं, तिथंच. सगळीकडे.

"साहाय्यक काढला की विषाणू वाढतोय, चाचा," ती हळू म्हणाली. "तो अडवायलाच बसत होता."

सर आले तेव्हा त्यांनी खूप प्रश्न विचारले. नळ्या वितळल्या नव्हत्या कशावरून? आरएनए धड होता कशावरून? नावं कुणी झाकली? मी पुढे होऊन "मी" म्हणालो. त्यांनी आलेख परत परत पाहिला. मग खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे आपण कुत्रं बांधायला निघालो होतो तर," ते म्हणाले. प्रस्ताव त्यांनी पाठवला नाही. लेख पहिल्यापासून लिहायला घेतला, आणि तिचं नाव पहिलं घातलं.

"आबांना इतक्यात सांगू नका," तिनं मला बजावलं. "छापून येऊ दे. आबांना सांगितलं की गावभर झालं. परत घेता यायचं नाही."

छापून यायला वेळ लागतो. परीक्षक शंका काढतात, उत्तरं द्यावी लागतात. ती उत्तरं देत होती. पुढच्या वर्षी उन्हाळा सरता सरता, सांगली-मिरज रस्त्यावर, भरदुपारी, ती मोपेडवरून पडली. लोक मला विचारतात म्हणून सांगतो: ताप नव्हता, प्रयोगशाळेतलं काही लागलं नव्हतं. रस्त्यातला खड्डा होता. मिरजेत नेली. संध्याकाळपर्यंत होती.

कॉलेज सुरू झालं तेव्हा कँटीनच्या मावशी चहा गाळता गाळता माझ्याकडे बघून थांबल्या. काय आठवलं ते दोघांनाही कळलं. "मी आपलं हसण्यावारी बोलले होते हो," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, तिला ठाऊक होतं.

वाचनालय चालू आहे. मुलं येतात, पुस्तकं जातात, परत येतात. तार नुसती वाजते. एवढंच मला लिहिता येतं.

लेख स्वीकारल्याचं कळलं तेव्हा सर मला सांगायला आले, आणि मी गाडी धरून तिच्या गावी गेलो. आबा ओसरीवर बसले होते. जार कोपऱ्यात होता. त्यांच्या पायाशी एक कुत्रं झोपलं होतं, अर्थात त्या वेळचं नव्हे, त्याच्या पुढच्या पिढ्यांतलं.

मग ते म्हणाले, "पाव्हणं, ते हुतं ना जारमधलं. मला काय सांगितलंच न्हाई तिनं. काय निघालं?"

"राखण्या निघाला, आबा."

त्यांनी मान हलवली. हात खाली नेऊन कुत्र्याच्या मानेवर ठेवला. बोटं केसांत कुठंतरी अडली, जणू गाठ शोधत होती. मानेला काही नव्हतं.

"सोडला म्हणा त्याला," आबा म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. "तिनं सोडला."